दिवा विझला तेव्हाचा अर्जुन : क्रीडा-पत्रकार आणि समालोचकांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांचे क्रीडा-संपादक, वाहिन्यांवरील समालोचक आणि सत्कार समारंभांचे सूत्रसंचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद तिरंदाजी स्पर्धेत महाराष्ट्रातली दोन मुले एकाच दिवशी जगज्जेती झाली. साताऱ्याची अदिती स्वामी, वय १७, हिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असे हरवले. नागपूरच्या ओजस देवतळेने पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याला १५०-१४९ असे. ओजसचे पंधरा बाण, पंधराही दहाच्या वर्तुळात. समोरच्याचा एकच बाण नऊवर गेला आणि तेवढ्यावर जगज्जेतेपद ठरले. त्या वर्षीचा अर्जुन पुरस्कार दोघांनाही मिळाला.

अशा प्रसंगी अर्जुनाचे नाव निघणारच. ते तुम्ही काढता याबद्दल आमची तक्रार नाही. १९६१ पासून खुद्द सरकार खेळाडूंच्या हातात धनुर्धारी अर्जुनाची मूर्ती देत आले आहे. आमची तक्रार त्यापुढच्या वाक्याची आहे. 'अर्जुनाला जसा फक्त पोपटाचा डोळा दिसत होता, तसा ओजसला फक्त दहाचा ठिपका दिसत होता.' हे वाक्य महाभारताच्या अंगाने चुकीचे आहे, तिरंदाजीच्या अंगाने त्याहून चुकीचे आहे, आणि समोर बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या तिरंदाज मुलांच्या कानावर ते पडते तेव्हा ते प्रत्यक्ष नुकसान करते. हे तिसरे आम्हांला रोज मैदानावर दिसते, म्हणून हे पत्र.

आधी महाभारत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्या आदिपर्वात द्रोणांनी शिष्यांची घेतलेली ही परीक्षा आहे. त्यात पोपट नाही, भास आहे, गिधाडाच्या जातीचा मोठा पक्षी. तोही जिवंत नाही. कारागिरांकडून करवून घेतलेला खोटा पक्षी द्रोणांनी झाडाच्या शेंड्यावर बसवला होता. म्हणजे आपल्या भाषेत सरावाचे टार्गेट. आणि डोळा तर नाहीच. द्रोण सांगतात, याचे डोके पाडायचे आहे. अर्जुन उत्तर देतो, 'शिरः पश्यामि भासस्य न गात्रम्', भासाचे डोके दिसते, अंग दिसत नाही. डोळा मागाहून लोककथेने घातला. स्वयंवराचेही तसेच. तेलात किंवा पाण्यात प्रतिबिंब बघून वर फिरणाऱ्या माशाचा डोळा फोडणे चिकित्सित आवृत्तीत नाही. तिथे आहे ते वाकवायला कठीण असे धनुष्य, उंचावर बसवलेले एक यंत्र, आणि त्याच्या छिद्रातून पाच बाण पलीकडच्या लक्ष्यावर पोचवायची अट. बहुतेक राजे धनुष्य चढवतानाच आपटले. नेमाची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. हे तिरंदाजाला लगेच पटते. ताकद कमी पडली की नेमाचा प्रश्न उद्भवतच नाही.

त्याच भासाच्या परीक्षेत एक बारकावा आहे, आणि आमच्या मते तो सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. द्रोण प्रत्येकाला आधी धनुष्य ओढायला लावतात. मग थोडा वेळ जाऊ देतात आणि विचारतात, काय दिसते? युधिष्ठिर धनुष्य ताणून उभा आहे आणि गुरू पुन्हापुन्हा प्रश्न विचारतो आहे. उत्तर पसंत पडले नाही की बाण सोडू न देता त्याला बाजूला करतात. अर्जुनालाही तसेच ताणून उभे केले, तसेच थांबवले. ही परीक्षा नजरेची होती तितकीच पूर्ण ताणावर थांबण्याची होती. आजचा प्रशिक्षक याला 'होल्ड' म्हणतो, आणि बाण न सोडता दोरी सावकाश परत नेण्याला 'लेट डाउन'. युधिष्ठिराकडून द्रोणांनी करवून घेतले ते लेट डाउनच. ओढलेला बाण सोडलाच पाहिजे असे नाही, ही गोष्ट त्या प्रसंगातून शिकवता आली असती. आपण शिकवली डोळ्याची.

आता 'फक्त डोळा बघा' याने मुलांचे काय होते ते सांगतो.

कंपाउंड प्रकारात (टोकांना चाके असलेले धनुष्य; अदिती आणि ओजस यातच जिंकले) ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचे टार्गेट असते आणि दहाचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे. हाताच्या अंतरावर धरून बघायचे तर ते एक मिलिमीटरहून जरासेच मोठे होते, मोहरीच्या बारीक दाण्याएवढे. ऑलिंपिकच्या रिकर्व्हमध्ये, म्हणजे चाके नसलेल्या धनुष्याच्या प्रकारात, ७० मीटर, टार्गेट १२२ सेंटिमीटर, दहाचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर, कोनाच्या हिशेबाने जवळपास तेवढेच. आता साइटचा, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या साधनाचा, ठिपका त्या दाण्यावर ठेवा. तो स्थिर राहत नाही. जगज्जेत्याचाही राहत नाही. हृदय धडधडते, श्वास चालतो, स्नायू थरथरतात, आणि ठिपका टार्गेटच्या मधल्या पिवळ्या भागात हळूहळू हिंडत असतो. चांगला तिरंदाज त्याला हिंडू देतो. तो मध्याच्या आसपासच जास्त वेळ असतो, म्हणून बाणांचा घोळका त्या हिंडण्यापेक्षा लहान पडतो. लक्ष ठेवायचे ते पाठीवर : दोन्ही खवाटे एकमेकांकडे सरकत राहिले पाहिजेत आणि बाण त्या ओढीतून आपोआप सुटला पाहिजे.

'फक्त डोळा' हे मनावर कोरलेले मूल नेमके उलटे करते. ठिपका मध्यावर थांबलाच पाहिजे म्हणून ते धनुष्याची मूठ आवळते. मूठ आवळली की हात घट्ट होतो आणि थरथर वाढते. मग ठिपका मध्यावरून जाता जाता ते चटकन रिलीजचे, म्हणजे दोरी सोडायच्या हातातल्या साधनाचे, बटण दाबते. बाण खाली किंवा बाजूला. असे काही आठवडे झाले की मेंदूला सवय लागते : मध्य दिसला, सोड. पुढे मुलाचा ताबाच राहत नाही. काहींचा बाण पूर्ण ओढण्याआधीच सुटतो. काहींचा ठिपका मध्याच्या खाली थिजतो आणि वर म्हणून जात नाही. याला जगभर 'टार्गेट पॅनिक' म्हणतात. कुठल्याही वयात, कुठल्याही पातळीवर तो होतो आणि चांगल्या खेळाडूंची अख्खी वर्षे त्यात गेली आहेत. तो होण्याची कारणे अनेक आहेत, सगळा दोष तुमच्या वाक्यावर आम्ही टाकत नाही. पण गुणी मुलाला गुरू, आजी, शिक्षक आणि टीव्ही असे चौघेही 'डोळा, डोळा' म्हणू लागले की ते त्या दिशेने ढकलले जाते, हे नक्की.

यावरचा उपाय महाभारतातच आहे, तोही भासाच्या गोष्टीच्या काही श्लोक आधी. तो प्रसंग मराठीत फारसा कुणी सांगत नाही. द्रोणांनी स्वयंपाक्याला गुपचूप बजावलेले असते की अर्जुनाला अंधारात जेवायला वाढू नकोस. एके दिवशी अर्जुन जेवत असताना वारा येतो आणि दिवा विझतो. अर्जुन जेवतच राहतो. हात नेमका तोंडाशी जातो. त्याच्या लक्षात येते की हे सवयीने होते आहे. 'तदभ्यासकृतं मत्वा रात्रावभ्यस्त पाण्डवः.' ही अभ्यासाची करणी आहे हे जाणून तो रात्री सराव करू लागला. प्रत्यंचेचा आवाज ऐकून द्रोण उठून येतात आणि त्याला मिठी मारतात.

आज जगातल्या कुठल्याही तिरंदाजी केंद्रावर जा, टार्गेट पॅनिक झालेल्या मुलाला आणि अगदी नवशिक्यालाही हेच करायला लावतात. त्याला 'ब्लँक बेल' म्हणतात. बट्रेस, म्हणजे बाण रुतणारी जाड गादी, तीन ते पाच मीटरवर, खांद्याच्या उंचीला, त्यावर टार्गेटचा कागद नाही. पाय खांद्याइतके रुंद. बाण लावायचा, ओढायचे, जबड्याखाली अँकर, म्हणजे ओढणारा हात टेकायची जागा, पक्का करायचा, बाणाचे टोक बट्रेसच्या मधोमध आहे ना हे उघड्या डोळ्यांनी पाहायचे आणि मग डोळे मिटायचे. शेजारी एक जण उभा हवाच, आणि त्याच्या होकाराशिवाय डोळे मिटायचे नाहीत. मग पाठ आवळत न्यायची. बाण कधी सुटला ते कळू नये. सुटल्यावर हात, मान, डोके बाण बट्रेसला लागेपर्यंत तसेच. असे चाळीस-पन्नास बाण, आणि दर चार-पाच बाणांमागे एक लेट डाउन. दोन-तीन आठवडे फक्त एवढेच. त्यानंतर डोळे उघडे, पण कागद नाही. मग १० मीटरवर मोठा कागद, मग १८, मग ३०. मध्ये जुनी खोड दिसली की परत तीन मीटर. घाई करणारे पालक इथे सगळे बिघडवतात. दुसऱ्याच आठवड्यात गुण विचारतात.

म्हणून आमची मागणी अशी की अर्जुन आणि ओजस यांची तुलना करायची असेल, तर विझलेल्या दिव्याशी करा. दोघांत खरोखर सारखे आहे ते हेच. कंपाउंडच्या अंतिम सामन्यात दोघे आळीपाळीने बाण मारतात आणि प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. त्यात नऊ-दहा सेकंद धनुष्य उचलून ओढण्यात आणि नेम बसवण्यात गेले की पुढची थरथर परवडत नाही. तेवढ्या वेळात विचार करून काही जमत नाही. जे अंधारात बसवलेले असते तेच बाहेर येते.

अवजारांबद्दलही थोडे लिहितो, कारण बातम्यांत 'आधुनिक गांडीव' असा शब्द फार सैल पडतो. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना लंबगोल चाके असतात. नियमाने जास्तीत जास्त ६० पौंडांपर्यंत ओढ चालते, पण पूर्ण ताणावर चाके वळली की हाताला उरते बारा ते वीस पौंड. म्हणून तो थांबू शकतो. रिकर्व्हमध्ये ही सोय नाही; ४५ पौंड म्हणजे शेवटपर्यंत ४५ पौंड. तेव्हा भासापुढे ताणून उभ्या असलेल्या कौरव-पांडवांशी तुलना रिकर्व्हवाल्यांची जास्त जुळते. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्हचा. मजुरी करणाऱ्या घरातून राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि टोकियो व पॅरिस अशी दोन ऑलिंपिक खेळला. महाभारतात राजकुमारांच्या शस्त्रकौशल्याच्या आखाड्यात कृपाचार्यांनी कर्णाला कुळ विचारले होते. प्रवीणला कुणी कुळ विचारले नाही; ७२ बाणांची पात्रता फेरी ज्याचा त्याचा क्रमांक ठरवते. मात्र चांगला पूर्ण संच लाखांच्या घरात जातो, ही अट आजही दाराशी उभी असते, आणि तिच्यावर बातमी क्वचित येते.

कंपाउंडमध्ये चूक कुठे होते तेही समजून घ्या. दोरीतल्या बारीक भोकातून, म्हणजे पीपमधून, साइटच्या भिंगापर्यंत साधारण ८५ सेंटिमीटर अंतर असते. तिथे एका मिलिमीटरची चूक झाली तर ५० मीटरवर बाण जवळपास सहा सेंटिमीटर सरकतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या चार. म्हणजे एका मिलिमीटरला एक गुण, आणि बर्लिनचा अंतिम सामना एका गुणाचा होता. नाक दोरीला आज जरा जास्त टेकले, हसल्यामुळे जबडा थोडा उघडला, थंडीमुळे जाड बाही घातली आणि दोरी तिला घासली, एवढ्यानेही तो मिलिमीटर जातो. 'एकाग्रता ढळली' असे लिहून मोकळे होण्याऐवजी यातले काय झाले ते खेळाडूला विचारा. तो आनंदाने सांगेल.

जुन्या शब्दांत मात्र मौज आहे आणि ती वापरत चला. महाभारतातले योद्धे 'बद्धगोधाङ्गुलित्राण' असतात : मनगटाला घोरपडीच्या कातड्याचा पट्टा आणि बोटांना कवच. आजचा आर्म गार्ड आणि फिंगर टॅब तेच काम करतात. विराटपर्वात बृहन्नडा होताना अर्जुनाला चिंता पडते की दोन्ही हातांवरचे प्रत्यंचेचे घट्टे लपवायचे कसे; तो बांगड्यांनी झाकायचे ठरवतो. दोन्ही हातांवर, कारण तो सव्यसाची. आजच्या खेळाडूला सव्यसाची म्हणू नका. स्पर्धेचे धनुष्य उजवे किंवा डावे असेच घडवलेले असते, आणि मूल कुठले घेणार हे बहुधा त्याच्या प्रबळ डोळ्यावरून ठरते. दोन्ही तळव्यांची तिकोनी खिडकी करून लांबची वस्तू बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर राहते तो प्रबळ. पाच मिनिटांची ही तपासणी न करता धनुष्य विकत घेणारे पुष्कळ जण भेटतात.

एकलव्याबद्दल एक विनंती, आणि ती कळकळीची आहे. आदिवासी पाड्यातून आलेल्या तिरंदाजाला व्यासपीठावर 'एकलव्य' म्हणून गुरुभक्तीचे गोडवे गाऊ नका. महाभारत स्वतः तो प्रसंग गोड करत नाही. अंगठा दिल्यावर तो बोटांनी दोरी ओढू लागला आणि पूर्वीसारखा चपळ राहिला नाही, असे सरळ लिहिले आहे. यात तंत्राचा पुरावाही आहे : तेव्हाची पद्धत अंगठ्याने ओढण्याची होती. आजच्या रिकर्व्हमध्ये अंगठा दोरीला लागतच नाही. तर्जनी बाणाच्या वर, मधले आणि करंगळीजवळचे बोट खाली. आज एकलव्य रिकर्व्ह खेळू शकला असता. आणि जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडची शीतल देवी, जन्मतः दोन्ही हात नसलेली, पायाने धनुष्य उचलून आणि खांद्याने दोरी ओढून २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये राकेश कुमारसोबत मिश्र सांघिक कांस्य जिंकली. तिच्याबद्दल लिहिताना कुणाचा अंगठा आठवण्याची गरज नाही. तिचा खांदा किती काम करतो ते लिहा.

आणखी एक तुलना आहे, तीही अस्सल. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन सांगतो : अंग गळून जाते, तोंडाला कोरड पडते, शरीर कापते, गांडीव हातातून निसटते, कातडी जळते. अंतिम सामन्याआधी खेळाडूच्या शरीरात जे होते त्याची इतकी चोख यादी क्वचित कुणी दिली असेल. टोकियो ऑलिंपिकपासून तिरंदाजाच्या हृदयाचे ठोके थेट पडद्यावर दाखवतात. तो आकडा वर गेला की 'दडपणाखाली आला' असे म्हणू नका. ठोके सगळ्यांचेच वाढतात. बघायचे ते एवढेच की ओढण्यापासून सोडण्यापर्यंतचा वेळ नेहमीचा राहिला का. तो एकदम कमी झाला किंवा लांबला तर गडबड आहे. हातात घड्याळ धरून तुम्हीही ते मोजू शकता, आणि समालोचनात सांगू शकता.

आणि मौसलपर्व. द्वारकेहून स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनाला वाटेत लुटारू गाठतात. गांडीव चढवताना त्याला कष्ट पडतात, अस्त्रे आठवत नाहीत, बाण संपतात. ज्या ग्रंथाने त्याला सर्वश्रेष्ठ ठरवले त्यानेच हेही लिहून ठेवले. वीस-एकवीस वर्षांच्या जगज्जेत्याचा एखादा हंगाम वाईट गेला की आपल्याकडे 'कुठे हरवला अर्जुन?' असे मथळे यायला वेळ लागत नाही. नवे धनुष्य, बदललेली ओढ, दुखरा खांदा, नव्याने जडलेले टार्गेट पॅनिक, यांतून सावरायला दीड-दोन वर्षेही जातात. तेवढी जागा त्यांना द्या.

२०२८ मध्ये लॉस एंजेलिसला कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये येतो आहे. महाराष्ट्रातली कंपाउंडची मुले त्या निवडीसाठी झटणार. निवड चाचण्या सुरू झाल्या की एखाद्या संध्याकाळी सरावाला या. कागद न लावलेल्या बट्रेससमोर डोळे मिटून उभी असलेली मुले दिसतील. कॅमेरा बाजूने लावा, बाण सोडायच्या रेषेच्या मागे राहा, आणि बाण लागेपर्यंत बोलू नका.

आपले,
तिरंदाजी शिकवणारे आणि महाभारत वाचणारे काही जण